पडद्यावरील मराठी अक्षरे

दूरचित्रवाणी घराघरांत पोहोचली, असे आपण मोठ्या कौतुकाने म्हणतो. पण ज्याला ऐकू येत नाही त्याच्यापर्यंत ती पोहोचली आहे काय? या प्रश्नाकडे आपल्याकडे फारसे लक्ष जात नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे वडील, अण्णा, इचलकरंजीत यंत्रमागावर काम करतात. पंचवीस वर्षे धोट्याच्या खडखडाटात उभे राहून त्यांचे कान गेले. बोट तुटले तर ते दिसते तरी. कान हळूहळू जातो, त्याची नोंद कोण ठेवतो? रात्री मालिका लागते, घरातले हसतात आणि अण्णा एकेकाच्या तोंडाकडे पाहतात. "काय म्हणला त्यो?" असे पूर्वी विचारीत. हल्ली विचारणेही सोडले आहे. अण्णा सातवी शिकलेले. वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतात. म्हणजे अडचण वाचण्याची नाही. पडद्यावर वाचायलाच काही नसते, ही आहे.

संवाद अक्षरांत दाखविण्याच्या सोयीस 'क्लोज्ड कॅप्शन' म्हणतात. ही अक्षरे झाकलेली असतात. ज्याला हवी त्याने बटण दाबून उघडावीत. संवादाखेरीज 'दार वाजते', 'दूरवर ढोलकी' असेही त्यांत लिहिलेले असते. अमेरिकेत १६ मार्च १९८० पासून ही सोय नियमित सुरू झाली. प्रारंभी त्यासाठी वेगळे यंत्र विकत घ्यावे लागे. १९९० मध्ये कायदा झाला आणि जुलै १९९३ पासून तेरा इंची व त्याहून मोठ्या प्रत्येक नव्या संचात ती व्यवस्था आतच बसविणे उत्पादकांना भाग पडले. बहिऱ्या माणसाने वेगळी किंमत मोजायची नाही, हे त्यातले तत्त्व मला मोठे वाटते.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कॅप्शनचा उल्लेख आहे; सप्टेंबर २०१९ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने मानकेही काढली. तरी एखादी मराठी मालिका लावून पाहा! मोबाईलवर मराठी चित्रपटांखाली अक्षरे असतात खरी, पण बहुधा इंग्रजी. मराठी बोलणे मराठी माणसाने इंग्रजीतून वाचावे, हा न्याय कोणता? खर्चाची सबब मला पटत नाही. मालिकेचे संवाद आधी लिहिलेलेच असतात. तपासणे आणि वेळेशी जुळविणे एवढेच उरते.

शिवाय लाभ केवळ बहिऱ्यांचाच नाही. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी यांनी गाण्यांखाली त्याच भाषेतील ओळी देण्याची कल्पना मांडली. १९९९ मध्ये गुजराती 'चित्रगीत' कार्यक्रमात तिचा प्रयोग झाला. पुढे दूरदर्शनच्या 'रंगोली'तही अशा ओळी आल्या. हेतू हा की, अर्धवट अक्षरओळख असलेल्यांचे वाचन नकळत पक्के व्हावे. माझी आई चौथीत शाळा सोडून कांड्या भरायला बसली. तिला साक्षरता वर्गाला जा म्हटले तर ती जाणार नाही. मालिका मात्र एक दिवस चुकवीत नाही.

एक विनंती मात्र मराठी विभागातील प्राध्यापकांची क्षमा मागून करतो. कॅप्शन लिहिताना भाषा 'शुद्ध' करू नये. पात्र 'न्हाय' म्हणाले तर खाली 'न्हाय'च हवे. कानाने अधू माणूस नटाचे ओठही वाचत असतो. ओठांवर एक आणि अक्षरांत दुसरेच आले, तर अण्णांनी विश्वास कशावर ठेवायचा?