टेलरचे अर्धेच सूत्र

मे २०२४. उत्तर भारत उष्णतेच्या लाटेत होरपळत असताना हरियाणातील मानेसर येथील अॅमेझॉनच्या गोदामात कामगारांना एक शपथ घ्यायला लावल्याचे वृत्त पुढच्या महिन्यात प्रसिद्ध झाले. सहा ट्रकमधील माल उतरवून होईपर्यंत पाणी पिण्यासाठी वा प्रसाधनगृहात जाण्यासाठी काम सोडणार नाही, अशी ती शपथ होती. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने स्वतःहून दखल घेत केंद्रीय कामगार मंत्रालयाला नोटीस बजावली. कंपनीने चौकशी केली आणि हा प्रकार अपवादात्मक असून आपल्या धोरणाविरुद्ध असल्याचे सांगितले.

असे काही घडले की 'हा तर शुद्ध टेलरवाद' अशी टीका हमखास होते. ही टीका टेलरवर थोडा अन्याय करणारी आहे. फ्रेडरिक विन्स्लो टेलर हा कामगारांचा कैवारी मुळीच नव्हता. पण मानेसरची शपथ त्याच्या हिशेबात कुठेच बसली नसती.

व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात टेलर पहिल्या सत्रातच येतो आणि परीक्षेपुरता राहतो. मूळ प्रयोग मात्र तपशिलाने पाहण्याजोगा आहे. १८९९च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातील बेथलहेम स्टील कंपनीच्या आवारात कच्च्या लोखंडाच्या लाद्या रेल्वे वॅगनमध्ये चढवण्याचे काम चालू होते. एक लादी ९२ पौंडांची, म्हणजे सुमारे ४२ किलोची. एक मजूर दिवसाला सरासरी साडेबारा टन माल चढवत असे. टेलरच्या सांगण्यानुसार, योग्य माणूस निवडून त्याला कधी उचलायचे आणि कधी थांबायचे हे नेमके सांगितल्यावर हाच आकडा साडेसत्तेचाळीस टनांवर गेला. रोजची मजुरी १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८५ सेंट झाली.

यातला साडेसत्तेचाळीसचा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला, 'कधी थांबायचे' हा भाग मात्र विसरला गेला. एवढ्या वजनाची लादी वाहणाऱ्या माणसाच्या हातात दिवसातला ४३ टक्के वेळच ओझे असावे, उरलेला ५७ टक्के वेळ त्याचे हात मोकळे राहावेत, असे टेलरच्या चमूचे गणित होते. त्यात विश्रांती ही मुकादमाच्या मर्जीची बाब नव्हती, ती उत्पादनाच्या हिशेबातच धरलेली होती. थकलेला माणूस कमी माल उचलतो, इतका साधा आणि कोरडा विचार त्यामागे होता. १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे' या ग्रंथातही कामाचा ठरावीक वाटा, विश्रांती आणि वाढीव मजुरी या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

अर्थात टेलरची कहाणी जशीच्या तशी स्वीकारण्याचे कारण नाही. ती त्याने बरीच रंगवून सांगितली होती, हे पुढे संशोधकांनी जुन्या नोंदी तपासून दाखवून दिले. काम जवळपास चौपट होऊन मजुरी ६० टक्क्यांनीच वाढली, हा सौदा मालकाच्या बाजूने झुकलेला होता हे सांगायला गणितज्ञ नको. शिवाय लाद्या वाहणारा मजूर बैलासारखा मंद बुद्धीचा असला तरच या कामाला योग्य, अशा आशयाचे लिहून टेलरने आपली दृष्टीही उघड केली होती. काम कसे करावे हे ठरवण्यात मजुराला काही स्थान असू शकते, ही शक्यताच त्याच्या शास्त्रात नव्हती.

त्याची किंमत त्याला लवकरच मोजावी लागली. ऑगस्ट १९११ मध्ये बोस्टनजवळच्या वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारात ओतकाम करणाऱ्या कामगारांसमोर एक माणूस स्टॉपवॉच घेऊन उभा राहिला आणि कामगार काम सोडून बाहेर पडले. प्रकरण अमेरिकी संसदेच्या समितीपर्यंत गेले. टेलरला साक्षीसाठी उभे राहावे लागले. १९१५ पासून सरकारी शस्त्रागारांत स्टॉपवॉच लावून कामाचे मोजमाप करण्यावर निधीच्या अटींद्वारे बंदी आली आणि ती १९४९ पर्यंत टिकली. ज्याच्या कामाचा वेळ मोजायचा त्यालाच विचारले नाही, तर मोजमाप कितीही अचूक असले तरी मान्य होत नाही, हे त्या ओतकाऱ्यांनी दाखवून दिले होते.

मुंबईने हा धडा स्वतःच्या अंगावर घेतलेला आहे. १९२० च्या दशकात मंदीने घेरलेल्या कापड गिरण्यांत 'रॅशनलायझेशन'चे वारे शिरले. दोन माग सांभाळणाऱ्या विणकराने तीन सांभाळावेत आणि चात्यावरील कामगाराने एकाऐवजी दोन बाजू पाहाव्यात, अशा योजना आल्या. गिरणगावाला त्यात दिसली ती कपात: तीन विणकरांच्या जागी दोघे पुरणार असतील, तर तिसऱ्याने जायचे कुठे? एप्रिल १९२८ मध्ये सुरू झालेला सार्वत्रिक संप ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. गिरणी कामगार युनियनचा उदय याच संपातला. अखेर फॉसेट समिती नेमली गेली, आणि कोणत्या कामाला किती वेतन व किती माणसे, हा प्रश्न पहिल्यांदाच मालकांच्या कचेरीबाहेर चर्चेला आला.

याच संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक वेगळाच मुद्दा लावून धरला. विणकाम खात्यात वेतन अधिक होते. पण ते खाते अस्पृश्य कामगारांना बंद होते, कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना त्यात विटाळ वाटे. 'कामासाठी योग्य माणसाची शास्त्रीय निवड' हे टेलरचे आवडते तत्त्व. ते आपल्याकडे पोचले तेव्हा निवड आधीच जातीने करून ठेवलेली होती.

आरंभीच्या सिद्धांतकारांत टेलर एकटा नाही. फ्रान्समधील खाण अभियंता हेन्री फेयॉल याने १९१६ मध्ये मांडलेल्या चौदा तत्त्वांत एका माणसाला एकच वरिष्ठ असावा, असे एक तत्त्व आहे. हिंजवडीतल्या कोणत्याही आयटी अभियंत्याला हे वाचून हसू येईल. प्रकल्पाचा वरिष्ठ वेगळा, विभागाचा वेगळा आणि परदेशी ग्राहक तिसराच. फेयॉल जुना झाला असे म्हणावे, तर रात्री अकराला दोन वरिष्ठांचे परस्परविरोधी ईमेल वाचणाऱ्याला तो बराच ताजा वाटतो. बोस्टनच्या मेरी पार्कर फॉलेटने १९२० च्या दशकात सांगितले की आदेश व्यक्तीकडून येऊ नये, परिस्थितीतून यावा. दोघांनी मिळून परिस्थिती समजून घ्यावी. अभ्यासक्रमात तिला टेलरच्या मानाने फारच कमी जागा मिळते.

आजच्या व्यवस्थापकाच्या हाती स्टॉपवॉच नाही. त्याची गरजच उरलेली नाही. गोदामातील हातातला स्कॅनर प्रत्येक पार्सलची वेळ नोंदवतो, घरून काम करणाऱ्याच्या लॅपटॉपवर माउस किती वेळ हलला याची मोजणी होऊ शकते, आणि दुचाकीवरील डिलिव्हरी करणाऱ्या मुलाचा मार्ग नकाशावर क्षणोक्षणी दिसतो. वॉटरटाउनमध्ये मोजणारा माणूस निदान समोर उभा होता. त्याच्याशी भांडता येत होते. आता ठरलेला वेग कोणी ठरवला आणि कशावरून ठरवला, हे बहुधा सुपरवायझरलाही सांगता येत नाही. टेलरची मोजपट्टी हजारपटीने बारीक झाली. त्याच्या गणितातील ५७ टक्के मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये आपोआप येत नाहीत. ते कोणीतरी ठरवून घालावे लागतात.

कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा करून १ जानेवारी २०२२ पासून मोठ्या गोदामांना बंधन घातले: कामगाराला त्याचा कोटा लेखी सांगितला पाहिजे, आणि जेवण, विश्रांती वा प्रसाधनगृह यांच्या आड येणारा कोटा लावता येणार नाही. आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत कामाचे तास आहेत, जादा कामाचा मोबदला आहे, गिग कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी कंपन्यांच्या उलाढालीतील एक ते दोन टक्के वाटा आहे. तासाला किती पार्सले, हे कोणी आणि कसे ठरवावे याची तशी तरतूद नाही. कर्नाटकने २०२५ च्या कायद्यात कंपन्यांना आपल्या स्वयंचलित देखरेख यंत्रणेची माहिती कामगारांना देणे बंधनकारक केले. मात्र तो कायदा गिग कामगारांपुरता आहे. मानेसरसारख्या गोदामात ट्रक उतरवणारा मजूर त्याच्या कक्षेत येत नाही.