पंख्याची फिर्याद

वैशाखात नाशिकचा पारा चाळिशीला टेकू लागला, आणि येऊ घातलेल्या सिंहस्थासाठी खणलेल्या रस्त्यांची बारीक माती खिडक्यांच्या फटींतून आत येऊन टेबलाटेबलावर बसू लागली, म्हणजे शहरातल्या कचेऱ्यांतून, पतपेढ्यांतून, दवाखान्यांच्या नोंदणीकक्षांतून आणि दाखले काढून देणाऱ्या सेवा केंद्रांतून टेबलाखाली ठेवलेल्या संगणकांची घरघर ऐकू येऊ लागते. खिडकीशी बसलेला कर्मचारी बुटाच्या टोकाने कॅबिनेटला हलकीशी ठोकर देतो, आवाज घटकाभर थांबतो, आणि प्रकरण निकालात निघाले असे समजून पुढच्या अर्जदाराला हाक मारली जाते.

यंत्र करीत असलेली फिर्याद नीट ऐकून घेण्यापेक्षा तिचे तोंड तात्पुरते बंद करणे, आणि कालांतराने ते यंत्रच निकामी झाले की त्याच्या निर्लेखनाचा प्रस्ताव वरिष्ठांकडे रवाना करणे, हा आपल्या सार्वजनिक व्यवहाराचा शिरस्ता होऊन बसला आहे. आणि तो मोडावयाचा असेल, तर देखभाल ही कोणा हौशी कर्मचाऱ्याची मेहेरबानी न राहता नेमून दिलेले कर्तव्य झाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रोसेसर जेवढी वीज घेतो तेवढी जवळजवळ सर्व उष्णतेच्या रूपाने परत करतो. १९९३ साली आलेला पहिला पेंटियम सुमारे पंधरा वॉट खात असे. आजच्या साध्या कार्यालयीन संगणकाचा प्रोसेसर पासष्ट वॉटपर्यंत सहज जातो, आणि भारी कामाचे प्रोसेसर दोनशेचीही मर्यादा ओलांडतात. एवढी उष्णता बोटाच्या पेराएवढ्या जागेतून बाहेर काढावयाची, म्हणून त्या जागेवर धातूच्या पातळ पापुद्र्यांचा हीटसिंक बसवितात आणि पंख्याने त्यावर वारा घालतात. हा हीटसिंक बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. ज्या शहराची तांब्यापितळेची भांडी दूरवर नावाजली, त्याला हे सांगावयास नको, की तांबे ॲल्युमिनियमच्या दीडपटीहून अधिक उष्णता वाहून नेते, आणि म्हणूनच चांगल्या कूलरच्या तळाशी तांबे घातलेले असते. पंख्याला चार तारा असतील, तर त्यांपैकी एक त्याच्या फेऱ्यांची वर्दी मदरबोर्डाकडे पोहोचविते आणि दुसरीवरून वेग वाढविण्याघटविण्याचा हुकूम येतो. येथे एक हिशेब ध्यानात ठेवण्याजोगा आहे: पंख्याचा वेग दुप्पट झाला, तर हवा दुप्पट वाहते, परंतु आवाज सुमारे पंधरा डेसिबलांनी वाढतो. सारांश, ज्या यंत्राला थंड राहण्यासाठी धावाधाव करावी लागते, ते आरडाओरडही फार करते.

तक्रारीची चौकशी करावयाची तर प्रथम तक्रारदार कोण हे ठरविले पाहिजे, कारण एका कॅबिनेटमध्ये प्रोसेसरचा, वीजपुरवठ्याच्या पेटीचा आणि कॅबिनेटचा स्वतःचा असे दोनतीन पंखे सहज असतात. रद्दी कागदाची सुरळी करून तिचे एक टोक कानाशी आणि दुसरे टोक, पात्यांपासून सुरक्षित अंतर राखून, एकेका पंख्याच्या समोर धरले, की दोषी कोण ते बहुधा कळते. मग आवाजाची जात ओळखावी. ठरावीक लयीत टकटक होत असेल, तर एखादी सैल वायर पात्याला लागत असण्याचा संभव मोठा. संगणक सुरू करताच घरघर होऊन थोड्या वेळाने ती कमी होत असेल, तर बेअरिंग झिजले आहे असे समजावे. सतत घोंघावणे मात्र पंख्याचा दोष नसून त्याच्यावर पडलेल्या बोजाची खूण असते. आणि अशा वेळी कॅबिनेटला हात घालण्यापूर्वी टास्क मॅनेजर उघडून पाहावे, कारण अँटीव्हायरसची तपासणी, विंडोजचे अपडेट, किंवा कोणाच्या नकळत आत शिरलेला एखादा घातकी प्रोग्रॅमही प्रोसेसरला विनाकारण राबवीत असतो.

यातून कारण सापडले नाही, तर संगणक बंद करून, वायर भिंतीतून काढून, कॅबिनेटची बाजू उघडावी. वरून पाहता पाती बऱ्यापैकी स्वच्छ दिसतात, आणि बहुतेक लोक येथेच फसतात. पंखा उचलून पाहिला, म्हणजे त्याच्या खाली, पापुद्र्यांच्या माथ्यावर, राखी रंगाचा दाट नमदाच विणलेला आढळतो, ज्यात रस्त्याची माती, कपड्यांचे तंतू आणि जुन्या फायलींचा भुगा एकजीव झालेला असतो. वारा त्याच्यावर आपटतो आणि पापुद्र्यांपर्यंत न पोहोचताच परततो. हा नमदा मऊ ब्रशने आणि ब्लोअरने काढावा. मात्र ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवावी, कारण बाहेरच्या झोताने ती मर्यादेबाहेर फिरली, तर बेअरिंग दुखावते. हीटसिंक उचललाच असेल, तर वाळून कडक झालेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नव्या पेस्टचा मटाराच्या दाण्याएवढा थेंब मध्यभागी द्यावा, आणि कूलर बसविताना चारही पाय पुरते रुतले आहेत की नाहीत हे हाताने चाचपावे. एक पाय जरी उचललेला राहिला, तरी साफसफाईची सारी मेहनत वाया जाते.

बेअरिंगच झिजले असेल, तर गाडीवानाने आसाला वंगण घालावे तसा शिवणयंत्राच्या तेलाचा एखादा थेंब स्टिकरखाली सोडून काही दिवस निभावतात. कित्येक ठिकाणी त्यासाठी खोबरेल वापरले जाते, पण ते थंडीत गोठते आणि कालांतराने चिकट होऊन आगीतून फुफाट्यात नेते. तेल ही मुदतवाढ आहे. खरा इलाज म्हणजे नवा पंखा.

पंखा गप्प बसला म्हणजे दुखणे बरे झाले, असे मानणे याहून घातक. बायोसमध्ये जाऊन पंख्याचा वेग बळेच उतरविणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांची खोली शांत होते खरी, परंतु तापमान शंभर अंशांच्या घरात गेले की प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठी आपली गती आपणच कमी करतो, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर संगणक बंद पडतो. बाहेर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला मात्र ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढेच उत्तर मिळते, आणि मुंबईच्या सर्व्हरच्या माथी मारलेल्या त्या विलंबातला काही हिस्सा टेबलाखालच्या त्या नमद्याचा असू शकतो, याची कोणाला शंकाही येत नाही. महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ साली झाला आणि दाखल्यांना मुदती लागल्या. ज्या यंत्रावर ती मुदत पाळावयाची, त्या यंत्राच्या निगेला मात्र कोणतीच मुदत लागलेली दिसत नाही.

यावर असा आक्षेप घेतला जातो, की कारागिराची मजुरी पंख्याच्या किमतीहून अधिक होते, तेव्हा जुन्या यंत्रावर वेळ दवडण्यापेक्षा नवे घेणेच शहाणपणाचे. मजुरीचा हिशेब खरा आहे. परंतु तो पंख्याच्या किमतीशी न मांडता संपूर्ण संगणकाच्या किमतीशी मांडावयास हवा, आणि त्यात टाकून दिलेल्या यंत्राचे पुढे काय होते तेही धरावयास हवे. ई-कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले आहेत. त्याआधी २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी स्वतंत्र पोर्टलही सुरू केले. दुरुस्तीचा हक्क मागणाऱ्याने निगेचे कर्तव्य टाळू नये, एवढी अपेक्षा गैरवाजवी नाही.

नाशिककरांना यासाठी परक्या देशाचे दाखले देण्याची गरज नाही. ओझरच्या ज्या कारखान्यात मिगपासून सुखोईपर्यंतची लढाऊ विमाने बांधली आणि दुरुस्त केली गेली, तेथे विमान कुरकुर करू लागण्याची वाट पाहत नाहीत. उड्डाणाचे तास आणि वर्षे भरली की त्याला ओव्हरहॉलसाठी आत घेतात. कचेरीच्या संगणकाला एवढा थाट नको. दर फाल्गुनात, उन्हाळा चढण्यापूर्वी, प्रत्येक यंत्र एकदा उघडून स्वच्छ करावे, देखभालीच्या कंत्राटात हे काम नावानिशी लिहावे, आणि जडसंग्रह नोंदवहीत त्यासाठी तारखेचा व सहीचा एक रकाना वाढवावा. पुढे कोणी निर्लेखनाचा प्रस्ताव पाठविला, तर त्यासोबत त्या रकान्याचा उतारा मागवावा. आणि तो कोरा आढळल्यास यंत्राऐवजी संबंधितांच्या कारभाराची चौकशी करून प्रस्ताव परत पाठवावा.