खानेसुमारी आणि परभणीचे तरुण

परभणीच्या बौद्ध आणि मुसलमान वस्त्यांतील शिकलेल्या तरुणांच्या तोंडून खानेसुमारीविषयीं (निजामी अमलांत हिलाच मर्दुमशुमारी म्हणत) एक वाक्य ऐकूं येतें : "आमचीं डोकीं मोजून आम्हांस काय मिळणार?" वाक्य चटकदार आहे, खरें मात्र नाहीं. २००८-०९ सालीं केंद्र सरकारनें अल्पसंख्याकांची वस्ती मोठी आणि सोयी तोकड्या अशा ९० जिल्ह्यांची विशेष विकासासाठीं निवड केली, तींत परभणी होता. ती निवड कोणाच्या कृपेनें झाली नव्हती. २००१ च्या खानेसुमारीच्या आंकड्यांवरून झाली होती. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत अनुसूचित जातींच्या राखीव जागांचें प्रमाणही त्याच आंकड्यांनीं ठरतें. मोजणीकडे पाठ फिरविणारा तरुण सरकारचें कांहींच नुकसान करीत नाहीं. तो आपल्याच आळीचा वांटा कमी करितो.

शिवाय आपण गप्प बसल्यानें रकाना रिकामा राहत नाहीं. धर्म विचारण्याचा संकोच वाटला, किंवा विचारण्याची गरजच वाटली नाहीं, कीं प्रगणक जातीवरून अंदाज बांधून "हिंदु" लिहितो आणि पुढच्या दारीं जातो. मुसलमान घरांत मातृभाषेचा रकानाही अशाच घाईनें भरला जाण्याचा संभव असतो. हे प्रगणक बहुधा शाळामास्तर असतात, म्हणजे तुमच्याआमच्याच घरांतले. त्यांस आमचें स्पष्ट सांगणें आहे कीं, माहीत असलेलें उत्तरही विचारूनच लिहावयाचें असतें.

या रकान्याची किंमत मराठवाड्यास कोणी नव्यानें शिकवावी असें नाहीं. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशांत १९५१ सालीं बौद्धांची संख्या अडीच हजारांच्याही आंत होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास डॉ. आंबेडकरांनीं धम्मदीक्षा घेतली आणि दिली. १९६१ सालीं हीच संख्या २७,८९,५०१ झाली. हा आंकडा फुकट मिळाला नव्हता. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाप्रमाणें बौद्धांस अनुसूचित जातीचा दर्जा नव्हता. बौद्ध म्हणविणारास केंद्राच्या सवलतींवर पाणी सोडावें लागे. तरीही लाखो माणसांनीं, ज्यांतील पुष्कळांस अक्षरओळखही नव्हती, निःशंकपणें 'बौद्ध' म्हणून सांगितलें. १९९० च्या दुरुस्तीनें तो अन्याय दूर झाला. आतां धर्म बौद्ध आणि जात आपली, दोन्ही लिहूनही दर्जा कायम राहतो. असें असतां 'बौद्ध लिहिलें तर सवलत जाईल' ही भीति आजच्या पदवीधरानें बाळगावी, याला काय म्हणावें?

मुसलमान तरुणांची भीति निराळी आहे, आणि ती हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. २०१९-२० सालीं नागरिकत्वाच्या नोंदवहीवरून वाद पेटला. तेव्हांपासून कागद घेऊन दारीं येणाऱ्या प्रत्येकाविषयीं संशय वाटूं लागला. लोकसंख्या नोंदवही आणि खानेसुमारी या दोन कामांची मोट तेव्हां सरकारनेंच एकत्र बांधली होती, तेव्हां दोष सर्वस्वीं भिणाराचा नव्हे. तथापि १९४८ च्या खानेसुमारी कायद्याचें १५ वें कलम वाचावें. या नोंदी पाहण्याचा हक्क कोणास नाहीं, आणि याच कायद्याखालील गुन्ह्याचा खटला सोडला तर त्या पुरावा म्हणूनही चालत नाहींत. ८ वें कलम तर घरांतील स्त्रीचें नांव सांगण्याचीही सक्ती करीत नाहीं. आपल्या समजुतीप्रमाणें उत्तर दिलें म्हणजे पुरे. वडील मंडळींस हें समजावून देणें घरांतल्या शिकलेल्या मुलामुलींस जमेल, तसें दुसऱ्या कोणास जमणार नाहीं.

एक अडचण मात्र खरी आहे, आणि ती व्याख्यानानें सुटणारी नाहीं. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनें १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख ठरली, आणि माणसांची प्रत्यक्ष मोजणी त्याआधींच्या फेब्रुवारींत ठेवली. फेब्रुवारींत गंगाखेड-सोनपेठकडील ऊसतोडीच्या टोळ्या फडावर असतात. त्यांत बौद्ध घरेंही असतात, आणि गांवीं दारांस कुलुपें. मोजणीच्या सर्व दिवसांत जो घरीं नसतो, त्याची गणना तो जेथें असेल तेथें व्हावयाची असते. कोपीपर्यंत प्रगणक पोंचला नाहीं तर तो माणूस ना परभणींत, ना पश्चिमेच्या कारखान्यावर. टोळींत एखादा तरी शिकलेला मुलगा असतोच. जेथें फड पडला असेल, त्या गांवच्या ग्रामपंचायतींत त्यानें एका संध्याकाळीं जावें आणि आमच्या कोप्या अजून मोजल्या नाहींत, असें सांगावें.