निरोप शेवटच्या घरापर्यंत



आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. पांढरी साडी नेसून आपल्या माता-भगिनी जमतात, मुलेबाळे येतात. आश्विन पौर्णिमेपर्यंत हा क्रम चालतो. याच तीन महिन्यांत कृष्णा, वारणा, पंचगंगा या नद्या पात्र सोडून गावात शिरतात. म्हणून आज पुराच्या निरोपाविषयी लिहितो आहे.

ऑगस्ट २०१९ चा महापूर कोणी विसरलेले नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांना धोक्याची पातळी धरतात. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेले. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे बाहेर काढणारी नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. त्यांत बायका-मुले होती. पाणी चढण्याआधीच माणसे निघाली असती, तर अशा नावेत बसण्याची वेळ आली नसती.

पूर ओसरल्यावर आम्ही कार्यकर्ते धान्य व कपडे घेऊन कृष्णाकाठच्या एका गावी गेलो होतो. आपली वस्ती तिथे गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या कडेला आहे. एका आजींनी मला विचारले, “आदल्या दिशीच गावात समद्यांच्या मोबाईलवर आलतं म्हणं, पाणी चढणार म्हणून. मग आमच्याकडं का न्हाई आलं, बाबा?”

मी चौकशी केली. गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. त्यात आपल्या वस्तीतले दोनच तरुण होते आणि दोघेही कामधंद्यासाठी पुण्यात. त्यांपैकी एकाने तो संदेश घरी पाठवला. त्यात लिहिले होते, धरणातून इतके क्युसेक विसर्ग सुरू, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. आता क्युसेक म्हणजे काय आणि सतर्क राहावे म्हणजे नेमके काय करावे, हे त्या माउलीला कोणी सांगायचे? पहाटे पाणी उंबऱ्याला लागले तेव्हाच तिला निरोप मिळाला.

ते ऐकून मला आपला जुना इतिहास आठवला. मयताचा सांगावा परगावी नेणे, सरकारी टपाल पोचवणे, गावात दवंडी देणे ही कामे महार वतनात आपल्या आज्या-पणज्यांच्या माथी होती. रात्र असो की भर पाऊस, निरोप पोचलाच पाहिजे. या वतनाच्या बेड्या तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही वतने गेली. गेली ते उत्तमच झाले. परंतु ज्यांच्या पायांवर साऱ्या गावाचा निरोप चालत होता, त्यांच्याच नातवंडांच्या दारी जीव वाचवणारा निरोप येऊ नये, हे कसे चालेल?

आणखी एक गोष्ट आपल्या मुलांना जरूर सांगा. १९४३ साली बंगालमध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्या खात्याकडे होते. जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्याच्या परिषदेत त्यांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेला दिशा दिली. त्याच वर्षी त्यांच्या खात्याखाली पाण्याविषयीचा मध्यवर्ती आयोग स्थापन झाला. आजचा केंद्रीय जल आयोग हा त्याचाच वारस आहे. देशातील मोठ्या नद्यांच्या पुराचा अंदाज हाच आयोग देतो. बाबासाहेबांच्या कामातून उभा राहिलेला हा अंदाज बाबासाहेबांच्याच लेकरांना मिळत नसेल, तर दोष शासनाचा आहेच, पण थोडा आपलाही आहे.

आज साधने पुष्कळ आहेत. धोका असलेल्या भागातील सर्व मोबाईलवर एकाच वेळी मोठा आवाज करून संदेश पाठवण्याची सोय झाली आहे. २०२३ साली तिची चाचणी झाली, तेव्हा आपल्यापैकी अनेकांचे फोन अचानक वाजले होते. जुन्या बटणाच्या फोनवर मात्र असा संदेश येईलच असे नाही. शासनाचे ‘सचेत’ आणि केंद्रीय जल आयोगाचे ‘फ्लडवॉच इंडिया’ ही अ‍ॅप आहेत. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. हा क्रमांक प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

पण नुसता आकडा कळून भागत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी. हे माहीत असावे, पण वस्तीच्या कामाचा आकडा फुटांचा. सांगलीत आयर्विन पुलाला ४० फुटांवर इशारा आणि ४५ वर धोका. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला ३९ वर इशारा आणि ४३ वर धोका. आता आपल्या वस्तीतील जाणत्यांना विचारा, २००५, २०१९ आणि २०२१ साली तिथे किती फूट असताना आपल्या ओढ्याला फुग आली, किती फुटांवर पहिल्या घरात पाणी शिरले? ते आकडे विहाराच्या भिंतीवर रंगाने लिहा. मग बातमीतला आकडा कोणालाही आपल्या उंबऱ्याशी जोडता येईल.

दर दहा घरांमागे एक तरुण आणि एक भगिनी नेमा. भगिनी यासाठी, की पुरुष माणूस कामावर असतो, ती वस्तीत असते. म्हातारी माणसे, गरोदर स्त्रिया, अपंग आणि ज्यांच्या घरी फोन नाही, त्यांची यादी करा. निरोप तोंडी द्यायचा आणि ‘पोचला’ असे उत्तर घेऊनच परत यायचे. वर्षावासात वाचन संपले की रोज पाच मिनिटे पाण्याची पातळी वाचून दाखवा. रात्री-अपरात्री विहाराचा कर्णा किंवा घरातली थाळी वाजवा. पुरात वीज जाते, टॉवर बंद पडतात. म्हणून फोन आधी चार्ज करा आणि सेलवरचा एक रेडिओ ठेवा. ‘धरण फुटले’ अशा अफवा पुढे पाठवू नका. संदेश कोणाचा, किती वाजताचा, हे पाहूनच पुढे द्या.

मी कारकून माणूस, कागदाची किंमत जाणतो. गावाच्या आपत्ती समितीत आणि ग्रुपमध्ये आपल्या वस्तीचे दोघे घ्यावेत, वस्तीत कर्णा बसवावा, असा लेखी अर्ज ग्रामपंचायतीला द्या आणि त्याची पोच घ्या. ग्रामसभेत विषय मांडा. हा आपला हक्क आहे, कोणाचे उपकार नव्हेत. रेशनकार्ड, जातीचा दाखला, बँकेचे पुस्तक, मुलांच्या मार्कलिस्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. पंचनाम्याच्या वेळी त्याच उपयोगी पडतात.

त्या गावातल्या आपल्या तरुणांनी २०१९ नंतर हे मनावर घेतले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, तेव्हा पाणी ओढ्यात असतानाच सगळी वस्ती उंचावरच्या शाळेत पोचली होती. भांडीकुंडी भिजली, दोन भिंती पडल्या, पण माणूस एकही गेला नाही. नंतर भेट झाली तेव्हा आजी म्हणाल्या, “या टायमाला निरोप माझ्या दारातनं पुढं गेला बघ. शेजारणीला मीच उठीवलं.”

आपल्या वस्तीतले शेवटचे घर कोणाचे, याचा या रविवारी विहारात विचार करा आणि तिथे निरोप कोण नेणार, ते त्याच बैठकीत ठरवा.

जयभीम! नमो बुद्धाय!