लख्ख चमकणारा रुपया

दिवाळी जवळ आली की बँकेच्या लॉकरमधून किंवा देवघराच्या खणातून चांदीचे जुने रुपये बाहेर निघतात. राणीछाप असतो, राजाछाप असतो. बडोद्याच्या घरात सयाजीराव महाराजांची छबी असलेला, हैदराबादेत चारमिनारचा, गोव्यात पोर्तुगीज काळातला रुपिया. मग आजी सांगते, 'जरा घासून आणा गं, काळे पडलेत.' आजचा विषय तोच आहे: घासण्याआधी दोन मिनिटं थांबा.

संग्राहक नाण्याकडे पाहतो तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या काढतो. एक झीज, दुसरी इजा. नाणं हातोहात फिरलं की आधी उंचवटे झिजतात: राणीचे केस, गाल, मुकुटाची टोकं. ही प्रामाणिक झीज. तिच्यानुसार नाण्याची प्रत ठरते. त्यासाठी आज जगभर 1 ते 70 गुणांची पट्टी वापरतात. तिचं मूळ विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकाने 1949 मध्ये जुन्या अमेरिकन सेंटसाठी केलेल्या मांडणीत आहे. 60 च्या पुढे येतात ती व्यवहारात न फिरलेली नाणी.

न फिरलेल्या नाण्यावरही बारीक खुणा असतात. टांकसाळीत नाणी एकमेकांवर पडतात, पिशवीत आदळतात. अशा खुणा जितक्या कमी, तितके गुण जास्त. खूण कुठे आहे, यालाही महत्त्व आहे. अक्षरांच्या गर्दीत लपलेला ओरखडा फारसा खुपत नाही. तोच राजाच्या गालावर किंवा मोकळ्या सपाट भागावर असला की नजर तिथेच जाते.

इजेचं गणित मात्र निराळं. खोल ओरखडा, गळ्यात घालण्यासाठी पाडलेलं भोक, डाग देऊन लावलेली आणि मग काढलेली कडी, घासून केलेली सफाई, यांपैकी काही असेल तर एनजीसी किंवा पीसीजीएससारख्या संस्था सहसा गुणांचा आकडा देतच नाहीत. नाणं अस्सल आहे एवढं मान्य करून 'डिटेल्स' असा शेरा मारतात आणि दोष लिहितात. अशा नाण्याला त्याच्या निर्दोष भावंडापेक्षा बरीच कमी किंमत येते.

घासण्याने एवढं काय बिघडतं? टांकसाळीतून निघालेल्या नाण्याच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा असतात. नाणं तिरकं फिरवलं की त्यांच्यावरून प्रकाश चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. राख, रांगोळी किंवा भांड्यांची पावडर या रेषाच खरवडून टाकते आणि केसासारखे बारीक ओरखडे मागे ठेवते. नाणं लख्ख दिसतं, पण ती चमक एकसुरी असते. काळपटपणा म्हणजे चांदीवर बसलेला सल्फाइडचा थर. तो काढताना थोडी चांदीही जाते, आणि गेलेला पृष्ठभाग पुन्हा आणता येत नाही.

हाताने पाडलेल्या जुन्या मराठेशाही नाण्यांना हीच फूटपट्टी जशीच्या तशी लावू नका. ठसा अर्धवट उमटणं, कडेला तडा असणं ही घडणीची लक्षणं आहेत. सराफांनी चांदी तपासण्यासाठी मारलेल्या खुणांनी किंमत कमी होते खरी, पण त्या नाण्याच्या प्रवासाच्या साक्षीदार आहेत.

घरची नाणी पाहायची असतील तर मऊ कापड अंथरा आणि नाणं कडेनेच धरा. एकाच दिव्याखाली तिरकं करत भिंगातून बघा. एकाच दिशेच्या बारीक रेषांचा झुबका दिसला, तर ते कधीतरी घासलं गेलंय. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात नाणी ठेवू नका, त्यांच्यावर हिरवट चिकट थर धरतो. रबरबँडही नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

आणि पूजेचं काय? पूजेतला रुपया पूजेतच राहू द्या. वर्षानुवर्षं कुंकू लागून, घासून गुळगुळीत झालेल्या त्या रुपयाची किंमत बाजारात ठरत नाही. पण डब्यात अजून न घासलेले चार रुपये असतील, तर ते या दिवाळीत वेगळे काढा. कोणी कुठून आणले, कोणाच्या लग्नात मिळाले, हे आजी-आजोबांना विचारून चिठ्ठीवर लिहा. काळे दिसले तरी चालतील. लक्ष्मी रागावणार नाही!