निळ्या पंपाने श्वास मोकळा होतो, मग दम्याला दुसरा पंप कशाला? समजून घ्या

मीरा रोडच्या पूनम सागरमध्ये रात्री नऊच्या सुमारास मेडिकलवर गर्दी असते. लोकलमधून उतरून घरी निघालेला माणूस काउंटरवर थांबतो आणि म्हणतो, "तो निळा पंप द्या." चिठ्ठी विचारली तर उत्तर ठरलेलं, "अहो, जुनीच आहे." पंप खिशात जातो, जिना चढताना दोन वेळा मारला जातो, श्वास मोकळा होतो. महिन्याभराने तोच माणूस पुन्हा त्याच काउंटरवर.

हे चित्र फक्त मीरा रोडचं नाही. डोंबिवली, विरार, पुणे, नागपूर, कुठेही जा, दम्याचं औषध म्हणजे निळा पंप हेच समीकरण आहे. डॉक्टरांनी कधीतरी दुसरा पंपही लिहून दिलेला असतो, पण तो कपाटात पडून असतो. कारण तो मारल्यावर "काही वाटत नाही". खरा आजार मात्र तो दुसरा पंपच आटोक्यात ठेवतो.

आकडे काय सांगतात?

'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज' या जागतिक अभ्यासाच्या 2019 च्या आकडेवारीनुसार भारतात दम्याचे सुमारे 3.4 कोटी रुग्ण आहेत. जगातल्या एकूण दमा रुग्णांपैकी हे साधारण 13 टक्के. पण दम्याने होणाऱ्या जगातल्या मृत्यूंपैकी 42 टक्क्यांहून जास्त मृत्यू भारतात होतात.

म्हणजे रुग्ण आठात एक, पण मृत्यू दहात चार. आजार तोच आहे, औषधंही इथे मिळतात. सिप्ला, ल्युपिन या मुंबईच्या कंपन्या ती बनवतात आणि जगभर पाठवतात. तरी हा फरक आहे, आणि त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे सूज कमी करणारं औषध नियमित न घेणं.

निळा पंप नेमकं काय करतो?

दम्यात दोन गोष्टी घडतात. एक, श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि कफ साठतो. दोन, नलिकेभोवतीचे स्नायू आवळले जातात. दोन्हींमुळे वाट अरुंद होते, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो, धाप लागते.

निळ्या पंपात सहसा साल्ब्युटामॉल असतं. ते आवळलेले स्नायू सैल करतं. पाच मिनिटांत बरं वाटतं, परिणाम चार ते सहा तास टिकतो. पण आतली सूज आहे तशीच राहते. घराच्या भिंतीला ओल आली आणि आपण वरून रंग मारला, तसं हे आहे. भिंत दोन दिवस छान दिसते, आत पाणी मुरतच असतं.

मग कॉम्बिनेशन पंप म्हणजे काय?

एकाच पंपात दोन औषधं. पहिलं सूज कमी करणारं स्टेरॉईड, उदाहरणार्थ ब्युडेसोनाईड किंवा फ्ल्युटिकासोन. दुसरं स्नायू जास्त वेळ सैल ठेवणारं, उदाहरणार्थ फॉर्मोटेरॉल किंवा साल्मेटेरॉल. याचा परिणाम साधारण बारा तास टिकतो.

स्टेरॉईडचा परिणाम लगेच जाणवत नाही. सूज उतरायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. म्हणूनच "काही वाटत नाही" म्हणून लोक तो सोडतात. किंवा बरं वाटायला लागल्यावर "आता कशाला?" म्हणून सोडतात. दोन्ही वेळा सूज परत येते.

यात एक बारकावा आहे. फॉर्मोटेरॉल काही मिनिटांतच काम सुरू करतं. त्यामुळे ब्युडेसोनाईड-फॉर्मोटेरॉलचा पंप काही रुग्णांना रोजच्या डोसलाही आणि धाप लागल्यावरही दिला जातो. साल्मेटेरॉल सावकाश काम करतं, म्हणून तो पंप धाप लागल्यावर वापरायचा नसतो. आपल्या पंपावर कोणतं नाव आहे ते आधी वाचा. रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा असू शकतो.

2019 मध्ये काय बदललं?

दम्यावरच्या उपचारांची दिशा ठरवणारी 'जीना' ही जागतिक संस्था आहे. 2019 मध्ये तिने स्पष्ट सांगितलं की 12 वर्षांवरच्या कुणावरही नुसत्या निळ्या पंपावर दम्याचा उपचार करू नये. सौम्य दमा असला तरी सूज कमी करणारं औषध हवंच.

यामागे अभ्यास होते. 2018 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या एका मोठ्या चाचणीत सौम्य दम्याचे रुग्ण होते. ज्यांनी त्रास झाल्यावर ब्युडेसोनाईड-फॉर्मोटेरॉल घेतलं, त्यांच्यात दम्याचे गंभीर झटके नुसत्या आराम देणाऱ्या पंपाच्या तुलनेत 64 टक्क्यांनी कमी होते. नोव्हेंबर 2024 मध्ये ब्रिटननेही आपल्या नव्या नियमावलीत नुसता निळा पंप देणं बंद करायला सांगितलं.

पण स्टेरॉईड आहे ना?

ही सगळ्यात मोठी भीती. "सवय लागेल", "मुलीच्या लग्नात अडचण येईल", "पंप म्हणजे शेवटचा उपाय" हे आपण घराघरात ऐकतो.

हिशोब करून बघू. समजा एखाद्याला रोज 400 मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाईड पंपातून मिळतं. तो पंप टाळला, मोठा झटका आला आणि डॉक्टरांना 40 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या गोळ्या पाच दिवस द्याव्या लागल्या, तर पोटात 200 मिलिग्रॅम स्टेरॉईड गेलं. पंपातून तेवढं जायला 500 दिवस लागतील. दोन्ही औषधांची ताकद वेगळी आहे, ही तुलना फक्त वजनाची. पण मुद्दा लक्षात येतो. शिवाय पंपातलं औषध मुख्यतः फुप्फुसात काम करतं, गोळीतलं सगळ्या शरीरात फिरतं.

पंपाचे दुष्परिणाम नाहीत असं नाही. तोंडात बुरशीचा पांढरा थर येऊ शकतो, आवाज बसू शकतो. त्यावर उपाय सोपा आहे. पंप घेतल्यावर चूळ भरायची आणि पाणी थुंकून टाकायचं.

लोक तरी का घेत नाहीत?

पैसा हे एक कारण. कॉम्बिनेशन पंप साधारणपणे निळ्या पंपाच्या दुपटीहून महाग पडतो, आणि तो दर महिन्याला लागतो. ब्युडेसोनाईड-फॉर्मोटेरॉल देशाच्या 2022 च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. जवळच्या जनऔषधी केंद्रात स्वस्त पर्याय आहे का, हेही विचारून बघा.

दुसरं कारण म्हणजे एकदाच्या इलाजाची आशा. कुणी कोजागिरीच्या रात्री खिरीतून औषध घेतं, कुणी जूनमध्ये हैदराबादला माशाचं औषध घ्यायला जातं. श्रद्धेवर वाद नको, पण त्यासाठी पंप बंद करू नका.

तिसरं कारण हवा. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या बिघडलेल्या हवेची हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली होती. मीरा-भाईंदरमध्येही मेट्रो 9 चं काम, पुनर्विकास, हायवेचा धूर, पावसाळ्यात भिंतीची ओल आणि खिडकीत कबुतरं, सगळं एकत्र आहे. हवा सुधारणं हे महापालिका आणि सरकारचं काम, ते मागितलंच पाहिजे. पण तोवर पंप सोडून चालणार नाही. उलट अशा हवेत त्याची गरज जास्त.

घेताना चूक कुठे होते?

स्प्रेचा पंप असेल तर श्वास सावकाश आणि खोल ओढायचा. पावडरचा असेल तर जोरात आणि खोल. दोन्हींत नंतर साधारण दहा सेकंद श्वास रोखायचा. स्प्रेसोबत स्पेसर वापरला तर औषध घशात कमी आणि फुप्फुसात जास्त जातं. रोटाकॅप ही गिळायची गोळी नाही, ती यंत्रात घालून ओढायची असते.

आज काय कराल?

घरात दम्याचं माणूस असेल तर गेल्या वर्षभरात किती निळे पंप संपले ते मोजा. वर्षाला तीन किंवा जास्त लागत असतील, तर मोठा झटका येण्याचा धोका वाढलेला असतो. बारा किंवा जास्त लागत असतील, तर मृत्यूचा धोका वाढतो. हा आकडा घेऊन डॉक्टरकडे जा आणि विचारा, "सूज कमी करणारं औषध मला चालू आहे का?" निळा पंप मनाने बंद करू नका, कॉम्बिनेशन मनाने सुरूही करू नका. डोस डॉक्टरच ठरवतील.

आणि बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल, ओठ निळसर पडत असतील किंवा पंप घेऊनही आराम नसेल, तर सकाळची वाट बघू नका. पंप घेत घेत थेट हॉस्पिटल गाठा किंवा 108 ला फोन करा.