हळू आवाजाला जागा देणारे रेकॉर्डिंग निवडा



उपवासकाळात क्रूसाच्या वाटेची भक्ती आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील तरुण मंडळी थोडा वेळ शांत बसून संगीत ऐकतात. यंदा बीथोव्हेनचा चौथा पियानो कॉन्चेर्टो ऐकायचे ठरले आहे. एक पियानो आणि त्याच्यासोबत मोठा वाद्यवृंद, अशी ही तीन भागांची, साधारण पस्तीस मिनिटांची रचना. मोबाइलवर नाव टाकले की तिची कितीतरी रेकॉर्डिंग्ज समोर येतात आणि लगेच प्रश्न येतो, "सर, यातले सगळ्यात चांगले कोणते?"

आम्ही संगीताचे पंडित नाही. धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारी साधी माणसे आहोत. पण आमचे मत असे की, पहिला नंबर कोणाचा हे शोधण्यापेक्षा या रचनेत काय घडते ते आधी समजून घ्यावे. निवड मग सोपी होते.

त्या काळी कॉन्चेर्टोची सुरुवात सहसा वाद्यवृंद करीत असे आणि पियानोवादक आपल्या पाळीची वाट पाहत बसे. येथे मात्र पियानो एकटाच, अगदी हळू, पाच मात्राखंड वाजवतो आणि थांबतो. वाद्यवृंद त्याला तितक्याच हळू उत्तर देतो, पण दूरच्या, अनपेक्षित सुरावटीतून. ट्रम्पेट आणि नगारे पहिल्या दोन्ही भागांत गप्प असतात. ते येतात थेट तिसऱ्या भागात.

दुसरा भाग जेमतेम पाच-सहा मिनिटांचा आहे, पण आमच्या मते सगळी कसोटी तिथेच आहे. सारी तंतुवाद्ये एका सुरात, करड्या आवाजात काहीतरी बजावतात. पियानो एकटा, मृदू उत्तर देतो. ती पुन्हा दरडावतात, तो पुन्हा हळूच बोलतो. हळूहळू तंतुवाद्यांचा आवाज उतरत जातो. हा भाग मऊ पेडल दाबून वाजवावा, असे बीथोव्हेनने लिहून ठेवले आहे. त्याच्या काळच्या पियानोत बहुतेक स्वरांना तीन तारा असत आणि त्या पेडलने हातोडी सरकून एकाच तारेवर पडे. शेवटाकडे मात्र एक लांब कंपस्वर येतो. तेथे तो पेडल हळूहळू सोडायला सांगतो, आणि इतका वेळ संयमाने बोलणारा पियानो एकदाच आर्ततेने ओरडतो. मग पुन्हा शांतता.

म्हणून रेकॉर्डिंग निवडताना तीन गोष्टी ऐकाव्यात. पहिली, सुरुवातीचे पाच मात्राखंड वादक बोलल्यासारखे वाजवतो की भाषण ठोकल्यासारखे? दुसरी, दुसऱ्या भागातली तंतुवाद्ये खरोखर कठोर आहेत का? ती आधीच नरमलेली असतील, तर पियानोच्या मृदूपणाला काय अर्थ उरतो? तिसरी, तो एकच आक्रोश मनाला भिडतो का? या भागावर चालत्या गतीची सूचना आहे. काही वादक तो इतका ओढतात की दुःखाचे प्रदर्शन वाटू लागते. मिस्सामध्ये वाचन करताना प्रत्येक शब्दावर रेंगाळणारा वाचक आठवा. त्याचा आवाज लक्षात राहतो, प्रभूचा शब्द राहत नाही.

या कसोट्यांवर पहिल्यांदा ऐकणाऱ्यांसाठी आम्ही विल्हेल्म केम्प्फ यांचे १९६१ चे रेकॉर्डिंग सुचवतो. सोबत फर्डिनांड लाइटनर यांच्या संचालनाखाली बर्लिन फिलहार्मोनिक आहे. केम्प्फ यांचा स्वर हलका आणि स्वच्छ आहे. ते कोणावर छाप पाडायला बसलेले वाटत नाहीत. त्यांचे वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. हे रेकॉर्डिंग बर्लिनच्या डालेम भागातील येशू ख्रिस्त चर्चमध्ये झाले. नाझी सत्तेपुढे न झुकल्यामुळे १९३७ मध्ये अटक झालेले पाळक मार्टिन नीमोलर याच डालेमच्या मंडळीचे. पण चर्चमध्ये ध्वनिमुद्रित झाले म्हणून संगीत पवित्र होत नाही, आणि आमची निवड त्यावरून नाही. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. एकट्या पियानोसाठी जिथे मोकळी जागा असते, तिथे केम्प्फ बीथोव्हेनने लिहिलेले न वाजवता स्वतः रचलेले वाजवतात. काही जाणकारांना ते रुचत नाही.

दुसऱ्यांदा ऐकताना लिऑन फ्लायशर यांचे १९५९ चे रेकॉर्डिंग लावा. जॉर्ज सेल यांच्या हाताखालचा क्लीव्हलंड ऑर्केस्ट्रा दुसऱ्या भागात असा रोखठोक आहे की पियानोला बोलायला धैर्य लागते हे कळते. पुढे काही वर्षांतच फ्लायशर यांच्या उजव्या हाताची बोटे निकामी झाली. कित्येक वर्षे ते डाव्या हाताने वाजवत आणि शिकवत राहिले. एमिल गिलेल्स यांचे १९५७ चे, लिओपोल्ड लुडविग यांच्यासोबतचे रेकॉर्डिंगही अतिशय सुंदर आहे. ज्याला ते अधिक भावेल, त्याच्याशी आम्ही वाद घालणार नाही.

कोणी विचारेल, आपली टिळकांची भजने असताना हे जर्मन संगीत कशाला? मिस्सातील भक्तिगीतांची जागा याने घ्यावी असे आम्ही म्हणतच नाही. आणि हे आपल्याला अगदी परकेही नाही. गोव्यातल्या धर्मग्रामांच्या शाळांनी पिढ्यानपिढ्या मुलांना व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवली. तिथून बेळगावकडे आलेल्या घरांना हे ठाऊक आहे. बीथोव्हेनने ही रचना आपला शिष्य आर्चड्यूक रुडॉल्फ याला अर्पण केली. तो पुढे १८१९ मध्ये ओलोमौत्सचा आर्चबिशप झाला आणि त्याच्यासाठीच बीथोव्हेनने 'मिस्सा सोलेम्निस' रचायला घेतली.

तरीही या कॉन्चेर्टोत बायबलमधला प्रसंग आहे असे कोणी शिकवू नये. दुसऱ्या भागाला लोकांनी ऑर्फियसची ग्रीक कथा जोडली, तीही मागाहून. आपण एलियाची आठवण काढू शकतो. होरेब डोंगरावर वारा, भूकंप आणि अग्नी यांच्यानंतर त्याला जे ऐकू आले ते अगदी मंद होते. पण ती आपली आठवण आहे, बीथोव्हेनची नव्हे.

मग या निवडीला इतके महत्त्व का द्यावे? कारण आपले कान ज्याला सरावतात, तेच आपल्याला खरे वाटू लागते. आपल्या सभा आठवून पाहा. मिस्सा मराठीत की कोंकणीत, कन्नडमध्ये की इंग्रजीत, हा विषय निघाला की आवाज चढतात. मोठ्याने बोलणाऱ्याचे म्हणणे इतिवृत्तात जाते. मागच्या बाकावरची विधवा बहीण काहीतरी पुटपुटते, ते कोणी लिहून घेत नाही. हळू बोलणाऱ्याचे पूर्ण ऐकण्याची सवय शिकावी लागते. पाच-सहा मिनिटे पियानोचे उत्तर संपेपर्यंत थांबणे हा त्याचा छोटासा सराव आहे.

तेव्हा ऐकताना मोबाइलच्या बारीक स्पीकरवर भागवू नका. सुरुवातीचे हळू स्वर पंख्याच्या आवाजात हरवतील. दुसरा भाग न थांबता तिसऱ्याला जाऊन मिळतो, म्हणून मध्ये जाहिरात येणार नाही अशी सोय करा. आवाज एकदा ठरवा आणि मग हात लावू नका. परिपूर्णतेचा आग्रहही नको. २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नाच्या कडाक्याच्या थंडीत, सुमारे चार तासांच्या कार्यक्रमात बीथोव्हेनने हा कॉन्चेर्टो स्वतः वाजवला. त्याच रात्री शेवटच्या रचनेत वाद्यवृंदाचा गोंधळ उडाला आणि थांबून पुन्हा सुरुवात करावी लागली.

हळू बोलणाऱ्याचे शेवटपर्यंत ऐकण्याची कृपा प्रभू आपल्या घरांना आणि आपल्या सभांना देवो. आमेन.